अपडेटनंतर हळद हिरवी दिसायला लागली

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मागेपुढे खान्देशात लग्नांचा जोर असतो आणि त्यानंतरचे महिने आमच्यासारख्या अल्बम करणाऱ्यांचे. मी अमळनेरला राहते. पारोळा, चोपडा, धरणगाव या भागातले फोटोग्राफर हार्ड डिस्क माझ्याकडे आणून देतात. फोटो निवडणं, रंग सुधारणं, चेहऱ्यांचं टचअप, बारा बाय छत्तीस इंची जोडपानं, म्हणजे शीट, लावणं आणि तयार फायली जळगावच्या लॅबला पाठवणं, हे माझं काम. यंदा ऐन हंगामात भरदुपारी लाइट गेली. यूपीएसवर फायली सेव्ह करून मी मशीन बंद केलं. लाइट आल्यावर सुरू केलं तर पडद्यावर अपडेटची टक्केवारी चढत होती. ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती आधीच उतरून तयार होती, मशीन एकदा बंद होऊन चालू व्हायचीच काय ती वाट होती.

मशीन व्यवस्थित उठलं. फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअरही उघडलं. मग एकेक करून कळत गेलं. झूम केलं की फोटोवर काळे चौकोन उमटायचे आणि माउस हलवला की नाहीसे व्हायचे. ब्रश हाताच्या मागून रेंगाळत यायचा. टॅबलेटवरचं पेन कितीही दाबलं तरी रेघ एकाच जाडीची. काही फायली सेव्हच होईनात. आणि आदल्या दिवशी मन लावून केलेले हळदीचे फोटो सगळे हिरवट.

सगळं एकाच अपडेटनंतर झालं, म्हणून सगळ्याचं मूळ एकच असणार, असं कुणालाही वाटतं. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांना तसंच वाटलं, म्हणून सगळ्यांचा उपायही एकच: सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका, नाहीतर मशीन फॉरमॅट मारा. खरं तर हे निरनिराळे बिघाड होते, निरनिराळ्या ठिकाणचे, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडणारं नव्हतं. हंगामात फॉरमॅट म्हणजे फॉन्ट, ब्रश, अॅक्शन, प्लगइन, सगळं नव्याने बसवणं. ते टाळता आलं. कसं टाळलं ते नीट लिहून ठेवते आहे, कारण आमच्याकडे हे काम करणारी बरीच मुलं-मुली घरातल्या एका खोलीत, एकट्याने, एकाच मशीनवर काम करतात. मशीन अडलं की त्यांचं घर अडतं.

पहिला संशय उन्हावर गेला. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या घरात असतो आणि ग्राफिक्स कार्ड फार तापलं की पडद्यावर असेच चट्टे येतात, हे खरंच आहे. घरच्यांनी कूलर मशीनकडे वळवला. मी पहाटे, खोली गार असताना, मशीन लावून पाहिलं. चौकोन तसेच. कार्डाचं तापमान सिस्टिममध्येच बघता येतं, तेही साठ अंशांच्या खाली होतं. म्हणजे ऊन नाही.

धुळ्याला ज्यांच्याकडून मशीन बांधून घेतलं त्या भाऊंना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, कार्ड गेलं समजा. मशीन घेऊन या, दुसरं टाकू." कार्ड काही स्वस्त येत नाही. मी म्हटलं, "भाऊ, कार्ड गेलं असतं तर मशीन सुरू होताना, व्हिडिओ बघताना पण चट्टे दिसले असते ना? हे तर फक्त या एका सॉफ्टवेअरमध्ये दिसतात." ते जरा थांबले, म्हणाले, "मग ड्रायव्हर बघा आधी. कार्ड राहू द्या."

आजचं फोटो सॉफ्टवेअर झूम करणं, कॅनव्हास फिरवणं, ब्रशचा आकार दाखवणं, धूसर करणारे फिल्टर अशी पुष्कळ कामं मुख्य प्रोसेसरकडून न करून घेता ग्राफिक्स कार्डाकडून करून घेतं. ते काम कार्डापर्यंत पोहोचवतो ड्रायव्हर. मोठ्या अपडेटच्या वेळी ऑपरेटिंग सिस्टिम कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर काढून आपल्याकडचा, कधी जुना तर कधी अगदी सर्वसाधारण, बसवू शकते. त्याच्यावर व्हिडिओ चालतो, ब्राउझर चालतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. फोटो सॉफ्टवेअर कार्डाकडे जास्त मागतं, म्हणून बिघाड तिथे उघडा पडतो.

खात्री करायची रीत सोपी आहे. सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स प्रोसेसर वापरण्याची टिक असते. ती काढली, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. ब्रश आणखी मंद झाला, पण काळे चौकोन साफ गेले. तिथेच ठरलं, कार्ड ठीक आहे, ड्रायव्हरचं काम आहे. मग जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन पूर्ण काढला आणि कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा आणला. गेम खेळणाऱ्यांसाठी एक आणि डिझाइन-एडिटिंगवाल्यांसाठी दुसरा असे दोन ड्रायव्हर तिथे होते, त्यातला दुसरा घेतला. टिक परत लावली. चौकोन आले नाहीत. ब्रश मात्र अजून अडखळत होता. त्याचं कारण वेगळंच निघालं. माझ्या मशीनमध्ये प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्स आणि वेगळं कार्ड असे दोन्ही आहेत आणि अपडेटने हे सॉफ्टवेअर वीज वाचवण्याच्या नावाखाली छोट्याकडे जोडून दिलं होतं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स या पानावर प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी हे ठरवता येतं. तिथे बदललं आणि ब्रश हाताबरोबर चालायला लागला.

पेनचं दुखणं तेवढं मोठं नव्हतं. पेन टॅबलेटचा ड्रायव्हर पुन्हा टाकला, दाब परत आला.

आता रंग. इथे मला थोडं सावकाश सांगायचं आहे, कारण बाकीचे बिघाड वेळ खातात, हा बिघाड कामच नासवतो.

पारोळा तालुक्यातले एक आप्पा मुलीच्या अल्बमचा कच्चा नमुना बघायला आले होते. हळदीचं पान उघडलं. आप्पा पुढे वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, मन्ही पोर हिरवी काबरं दिखी राह्यनी?" मी म्हटलं, "पोर हिरवी नही शे आप्पा, मन्हा पडदा बिघडेल शे." त्यांचा लगेच विश्वास बसला नाही आणि ते बरोबरच होतं. लेकीच्या लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. त्यांना मी दोन गोष्टी दाखवल्या.

पहिली, मागच्या हंगामातली एक फाइल. तिची लॅबमधून आलेली प्रिंट माझ्याकडे आहे आणि त्यानंतर त्या फायलीला कुणी हात लावलेला नाही, हे तिच्या तारखेवरून दिसतं. ती फाइल पडद्यावर उघडली तर तीही हिरवट. प्रिंट मात्र हातात चांगली पिवळीधमक. दुसरी गोष्ट, आकडे. सॉफ्टवेअरमध्ये इन्फो नावाची खिडकी असते. गालावरच्या हळदीवर ड्रॉपर धरला तर लाल २२५ च्या आसपास, हिरवा १७० च्या, निळा ४० च्या. लाल हिरव्याहून एवढा वर असेल तर तो पिवळा केशरीकडे झुकलेलाच असतो. लाल आणि हिरवा बरोबरीला आले की तो लिंबू रंगाकडे जातो आणि हिरवा वर गेला की खरंच हिरवट होतो. फायलीतले आकडे निरोगी होते. आप्पांना आकड्यांचं किती पटलं माहीत नाही, पण प्रिंट हातात घेऊन त्यांनी पडद्याशेजारी धरली आणि म्हणाले, "बरं, मंग छापीसन दखाडजो." ते मी कबूल केलं.

झालं काय होतं? प्रत्येक मॉनिटर रंग थोडा आपल्या पद्धतीने दाखवतो. तो कसा दाखवतो याची नोंद असलेली एक छोटी फाइल असते, तिला कलर प्रोफाइल म्हणतात. आमच्यासारखे लोक कॅलिब्रेटर नावाचं उपकरण पडद्यावर टेकवून आपल्या मॉनिटरची अचूक प्रोफाइल तयार करून घेतात. फोटो सॉफ्टवेअर ही प्रोफाइल वाचतं आणि त्या हिशेबाने रंग पडद्यावर टाकतं. अपडेटने माझी कॅलिब्रेट केलेली प्रोफाइल काढून मॉनिटर कंपनीची एक साधारण प्रोफाइल डिफॉल्ट करून ठेवली होती. शिवाय कॅलिब्रेटरचा जो छोटा प्रोग्राम मशीन सुरू होताना आपोआप चालतो, तोही बंद पडला होता. सॉफ्टवेअर आपलं काम चोख करत होतं, फक्त चुकीच्या नोंदीवरून.

यात फसवणारी बाब अशी की फोटो बघायच्या साध्या प्रोग्राममध्ये तोच फोटो बराच ठीक दिसत होता. साधे प्रोग्राम बऱ्याचदा मॉनिटरची प्रोफाइल वाचतच नाहीत, त्यामुळे ती चुकीची असली तरी त्यांना फरक पडत नाही. बघणारा म्हणतो, इकडे बरोबर दिसतो, सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा, म्हणजे सॉफ्टवेअरच बिघडलं. आणि तो सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतो. रंग तसाच राहतो.

तपासायची रीत अशी. कलर मॅनेजमेंटमध्ये जाऊन मॉनिटरची प्रोफाइल तात्पुरती एसआरजीबी करायची आणि सॉफ्टवेअर पुन्हा उघडायचं. दोन्हीकडचा फरक मिटला तर दोष आधीच्या प्रोफाइलचा. एसआरजीबी ही रंगांची सगळीकडे चालणारी एक ठरलेली मोजपट्टी आहे, १९९९ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला आणि आमच्या लॅबही फायली त्यातच मागतात. माझ्याकडे फरक मिटला. मग कॅलिब्रेटर लावून नवी प्रोफाइल केली. ज्यांच्याकडे कॅलिब्रेटर नाही त्यांनी एसआरजीबीवरच राहावं आणि लॅबकडून एक नमुना प्रिंट मागवून पडद्याशी ताडून बघावी, असं मी सांगेन. रात्रीचा प्रकाश मंद-पिवळा करणारी सोय आणि एचडीआर या दोन टिकाही बघाव्यात. अपडेटनंतर माझ्याकडे पहिली चालू झालेली होती, आणि रंगाचं काम करणाऱ्याने ती दिवसाही विसरू नये.

कामच नासवतो असं म्हटलं ते अशासाठी. जळगावच्या लॅबवाल्या काकांना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, म्हणूनच सध्या काहीजणांच्या फायली गुलाबी येताहेत." उलगडा सरळ आहे. पडदा हिरवा दाखवतो, माणूस फोटोतला हिरवा कमी करतो. हिरवा कमी करणं म्हणजे गुलाबी-जांभळा वाढवणं. पडद्यावर सगळं छान होतं आणि छापून येतं तेव्हा नवरा-नवरी गुलाबी. पडदा दुरुस्त झाला तरी ती फाइल आता खरंच बिघडलेली असते. म्हणून अपडेट झालेल्या दिवशी रंगाला हात लावायचा नाही, आधी जुनी फाइल आणि तिची प्रिंट समोरासमोर धरायची. मला हे फार कळकळीने सांगावंसं वाटतं.

मराठी अक्षरांचा बिघाड मधेच उपटला. ड्रायव्हरच्या भानगडीत सॉफ्टवेअर उघडताच बंद पडू लागलं होतं. त्यावर प्रेफरन्सेस रिसेट करणं हा नेहमीचा उपाय. तो करण्याआधी सेटिंगचं पूर्ण फोल्डर मी दुसरीकडे कॉपी केलं, त्यात माझे ब्रश, अॅक्शन आणि कामाची मांडणी असते. रिसेट केलं, सॉफ्टवेअर टिकलं. पण शीटवर नवीन नाव टाकलं तर 'कृष्णा'चे तुकडे, 'दीप्ती'मधला पाय मोडलेला प उघडा, आणि 'चि.' लिहिलं तर वेलांटी च च्या नंतर. माझ्या आवृत्तीत अक्षरजुळणीचे दोन पर्याय आहेत, एक इंग्रजी आणि चिनी-जपानीसारख्या लिप्यांचा, दुसरा मध्यपूर्व आणि दक्षिण आशियाई लिप्यांचा. रिसेट झालं की तो पहिल्यावर जातो आणि देवनागरीची जोडाक्षरं जुळवणं थांबतं. प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात दुसरा पर्याय निवडून सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं. नवीन लिहिलेलं नाव नीट आलं. आधीच तुटलेल्या ओळींना मात्र परिच्छेदाच्या खिडकीत जाऊन तीच अक्षरजुळणी (तिथे तिला कंपोझर म्हणतात) लावावी लागली.

दुसरा प्रकार जुन्या फॉन्टचा. आमच्याकडे पत्रिका आणि अल्बमवर अजून युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचे मराठी फॉन्ट सर्रास चालतात, कारण त्यांची वळणं लोकांना आवडतात. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. फॉन्ट सापडला नाही की नवरा-नवरीच्या नावाऐवजी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन कचरा दिसतो. युनिकोडमधलं नाव असेल तर निदान दुसऱ्या फॉन्टमध्ये वाचता तरी येतं. माझे काही फॉन्ट यादीतून गेले होते. ते पुन्हा टाकताना 'सर्व वापरकर्त्यांसाठी' हा पर्याय घेतला, तेव्हा सॉफ्टवेअरला दिसले. तेव्हापासून नावं आणि तारखा मी युनिकोडमध्येच टाकते. जुना फॉन्ट फक्त 'शुभविवाह'सारख्या मथळ्याला, आणि तोही शीट पक्की झाली की चित्रात बदलून.

सेव्ह न होण्यामागे सिस्टिमचं संरक्षण होतं. खंडणी मागणाऱ्या व्हायरसपासून वाचवण्यासाठी ठरावीक फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रामला लिहू न देण्याची सोय असते, ती चालू झाली होती. फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर सेव्ह होते, डॉक्युमेंट्समध्ये होत नाही, यावरून ते ओळखलं. संरक्षण बंद न करता सॉफ्टवेअरला परवानगीच्या यादीत घातलं.

जागेचा प्रश्न जास्त नाजूक होता. मोठी शीट उघडली की स्क्रॅच डिस्क भरल्याचा निरोप यायचा. सॉफ्टवेअर रॅम अपुरी पडली की डिस्कवर तात्पुरती जागा वापरतं, तीच ही. अपडेटने जुन्या सिस्टिमची अख्खी प्रत सी ड्राइव्हवर ठेवली होती, तिने कित्येक जीबी अडवले होते. ती उडवली तर जागा मोकळी होते, पण मग जुन्या आवृत्तीवर परत जायचा रस्ता बंद. तो रस्ता तसाही माझ्या सिस्टिममध्ये दहा दिवसच उघडा असतो. परत जावं का, हा विचार मी गंभीरपणे केला. घरचेही म्हणत होते, जुनं छान चाललं होतं, जा मागे. पण मागे गेले असते तर सुरक्षेचे सुधार गेले असते आणि हाच अपडेट काही आठवड्यांनी पुन्हा दारात उभा राहिला असता. तेव्हा जुनी प्रत मुदतभर राहू दिली आणि स्क्रॅच डिस्क प्रेफरन्सेसमधून दुसऱ्या एसएसडीवर वळवली. मोठ्या शीट तेव्हापासून जास्त वेगाने उघडतात.

एवढं सगळं धीराने करता आलं त्याचं कारण फायली. प्रत्येक लग्नाच्या कॅमेऱ्यातल्या मूळ रॉ फायली आणि थरांसकट एडिट केलेल्या पीएसडी फायली माझ्याकडे मशीनमध्ये असतात, एका बाहेरच्या डिस्कवर असतात आणि फोटोग्राफरच्या घरीही असतात. आमच्या भुसावळला रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची कबर आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं त्याने वर्षानुवर्षं खपून रंगवून उतरवली आणि ती लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली. १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि त्यातली बहुतेक गेली. पुढे १८७९ मध्ये तो वारला. त्याच्या आयुष्यातली ती आग मला फार लागते. म्हणून एखादा फोटोग्राफर डिस्क देऊन "ताई, तुमच्याकडेच राहू द्या, माझ्याकडचं पुसून टाकतो" म्हणाला, की मी त्यांना सांगते, दादा, लॅबचा अल्बम घरी येईपर्यंत नाही.

आप्पांची पानं छापून आली. पारोळ्याच्या फोटोग्राफरबरोबर ते जळगावला स्वतः गेले, लॅबच्या काउंटरवर हळदीचं पान उजेडाकडे धरून पाहिलं आणि मला फोन केला, "पिव्वी शे, पिव्वी शे." उरलेल्या अल्बमची मुदत जराशी ओलांडली गेली, फोटोग्राफरांनी गिऱ्हाइकांना सांभाळून घेतलं.

दोन गोष्टी अजून बाकी आहेत. त्वचा मऊ करणारा माझा जुना फिल्टर नव्या सिस्टिमवर लोड होत नाही आणि होणारही नाही. त्याच्याऐवजी त्वचेचा पोत आणि रंग वेगळ्या थरांत काढून हाताने टचअप करते. वेळ जास्त लागतो, पण चेहरे चेहऱ्यांसारखे राहतात, आणि काही फोटोग्राफरांनी हेच पुढे चालू ठेवा म्हणून सांगितलं आहे. दुसरी गोष्ट, सॉफ्टवेअरची खिडकी एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर ओढली की सगळे मेनू एकदम बारीक होतात. दोन्ही मॉनिटरचं स्केलिंग (अक्षरं-मेनू किती मोठे दिसावेत ते) एकाच टक्क्यावर ठेवलं की हा त्रास होत नाही, पण मग छोट्या मॉनिटरवरची अक्षरं डोळ्यांना झेपत नाहीत. तो मॉनिटर तूर्त बंद ठेवला आहे आणि पुढचे अपडेट तुळशीच्या लग्नाआधी, काम कमी असताना घ्यायचे म्हणून तेवढे दिवस थांबवून ठेवले आहेत.